सुट्टीवर जाताना कासवाचं काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्ट्या जवळ आल्या की कासव पाळणाऱ्यांकडून ठरावीक प्रश्न येऊ लागतात. निम्मे प्रश्न निघायच्या आदल्या रात्री येतात आणि तेव्हा फारसं काही करता येत नाही. म्हणून ते सगळे इथे एकत्र केले आहेत. उत्तरं जमिनीवरच्या कासवांसाठी आहेत. पाण्यातल्या कासवांसाठी प्रश्न १९ पाहा. हाताशी पाचच मिनिटं असतील तर प्रश्न ६ आणि १० तेवढे वाचा.

१. शनिवार-रविवार बाहेर जायचंय. कासव एकटं राहील का?

मोठं आणि धडधाकट असेल तर राहील. निघायच्या दिवशी सकाळी त्याला कोमट पाण्यात बसवा, पोटभर खाऊ घाला, पाण्याचं ताट भरून ठेवा आणि दिवे टायमरवर टाका. दोन दिवस खाणं मिळालं नाही म्हणून मोठ्या कासवाचं काही बिघडत नाही.

दोन रात्रींपेक्षा जास्त दिवस जाणार असाल तर मात्र रोज कुणीतरी येऊन बघायलाच हवं. भुकेचा प्रश्न नसतो. बल्ब जातो, पाणी सांडतं, कासव चढायला जातं आणि उताणं पडतं. उताणं पडलेलं कासव गरम दिव्याखाली असेल तर काही तासांतच जिवावर बेततं. पिल्लांना यातलं काहीच लागू नाही. त्यांच्यासाठी प्रश्न ३.

२. कासव महिनाभर उपाशी राहतं असं ऐकलंय. मग दहा दिवसांची एवढी काळजी कशाला?

ऐकलंय ते शीतनिद्रेतल्या कासवाबद्दल. तेव्हा त्याचं अंग ५ अंशांच्या आसपास असतं, पोट रिकामं असतं, शरीराचा सगळा कारभार जवळजवळ थांबलेला असतो. तुमचं कासव जागं आहे, उबेत आहे, चालतंय. त्याच्या अंगातलं पाणी रोज कमी होतं.

शिवाय कासव स्वतःची ऊब स्वतः तयार करत नाही, ती बाहेरून घेतं. ती मिळाली नाही तर पोटातलं अन्न पचत नाही, आतच पडून राहतं. आजाराशी झगडायची ताकदही अंगाच्या तापमानावरच अवलंबून असते. म्हणजे पुढ्यात ताजी पानं आहेत आणि दिवा बंद आहे, असं कासव उपाशी पण उबेत असलेल्या कासवापेक्षा जास्त धोक्यात असतं. सुट्टीची तयारी करताना पहिला विचार उबेचा, दुसरा पाण्याचा, खाण्याचा तिसरा.

३. माझं पिल्लू वर्षाचंही नाही. एक दिवस चालेल?

नाही. पिल्लाचं अंग एवढंसं असतं, ते फार लवकर सुकतं. त्याला रोज कोमट पाण्यात बसवावं लागतं, रोज खाणं लागतं, आणि पिल्लं मोठ्यांपेक्षा जास्त वेळा उताणी पडतात. रोज येणारं खात्रीचं माणूस नसेल तर पिल्लाला त्याच्या पेटीसकट, दिव्यांसकट अशा माणसाच्या घरी हलवा. तेही जमत नसेल तर पहिल्या वर्षी लांबची सुट्टी पुढे ढकला. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, पण दुसरं खरं उत्तर माझ्याकडे नाही.

४. आठवड्याचं खाणं एकदमच घालून गेलो तर?

हिरवी पानं दिव्याच्या उबेत संध्याकाळपर्यंत सुकतात आणि ओलसर कोपऱ्यात दोन दिवसांत कुजतात. कासव कुजलेलंही खातं, आणि मग पोट बिघडतं. सुकं गवत टिकतं, पण ते सल्काटा, लेपर्डसारख्या गवतखाऊ जातींच्याच कामाचं. भूमध्य प्रदेशातल्या जाती त्याला सहसा तोंड लावत नाहीत. एक उपाय चांगला आहे: जायच्या तीन-चार आठवडे आधी उथळ ट्रेमध्ये गवत आणि खाण्याजोग्या वनस्पतींचं बी पेरा आणि निघताना तो ट्रे पेटीत ठेवा. मुळांसकट असलेली पाती कुजत नाहीत. अर्थात हा जोडीचा उपाय आहे. माणूस त्यानंतरही लागतोच.

मांजर-कुत्र्यांचं टायमरवालं भांडं वापरावं का, असंही विचारतात. त्यात कोरड्या गोळ्या राहतात, आणि कासवाला त्या भिजवून द्याव्या लागतात. नकोच.

५. सांभाळायला कुणाला सांगावं? प्राणी पाळणारं माणूस असेल तर बरं ना?

अनुभव असेल तर बरंच, पण सांगितलेलं तसंच्या तसं करणारं माणूस त्याहून बरं. कुत्री-मांजरं पाळणाऱ्यांना वाटतं की प्राण्याला आपुलकी दाखवली, थोडं जास्त खाऊ घातलं की झालं. कासवाच्या बाबतीत नेमकं तेच नडतं. मन लावून यादी वाचणारी शेजारची कॉलेजची मुलगी माझ्या अनुभवात सगळ्यात भरवशाची.

कुणीही असो, निघायच्या आठवडाभर आधी दोनदा घरी बोलवा. पहिल्यांदा तुम्ही करा, त्यांनी बघावं. दुसऱ्यांदा त्यांनी करावं, तुम्ही गप्प बसून बघावं. काय काय सांगायचं राहिलं होतं ते दुसऱ्या खेपेलाच कळतं. दुसऱ्या कासववाल्याकडे ठेवायचा विचार असेल तर आधी प्रश्न १३ वाचा.

६. त्यांना लिहून काय द्यायचं?

एकच कागद, मोठ्या अक्षरात, पेटीवरच चिकटवलेला. फोनवर पाठवलेला लांबलचक संदेश तिसऱ्या दिवशी कुणी उघडत नाही.

कागदावर सगळ्यात वर एकच वाक्य लिहा: ‘रोज कासव डोळ्यांनी बघायचं, दिसलं नाही तर शोधायचं.’ बाकी सगळं त्याखाली.

मग तापमान. दिव्याखालची शेकायची जागा बहुतेक जातींना ३२ ते ३५ अंश लागते, पेटीचं दुसरं टोक २२ ते २५. तुमच्या जातीचे आकडे लिहा आणि थर्मामीटरवर त्या आकड्यांपाशी रंगीत पट्टी लावा. ‘काटा हिरव्यात आहे का’ हे कुणालाही सांगता येतं. ‘पेटी जरा गार वाटतेय का’ हे कुणालाच नीट सांगता येत नाही.

खाण्याचं माप वाटीत नको. साधारण कासवाच्या कवचाएवढा पानांचा ढीग, रोज एकदा, सकाळी दिवे लागल्यावर तासाभराने. शक्य असेल तर रोजचा वाटा वेगळ्या डब्यात भरून, वर वार लिहून फ्रीजमध्ये ठेवा. चार-पाच दिवसांपुरतं हे छान जमतं. पुढच्या दिवसांसाठी कुठल्या झाडाची पानं तोडायची ते प्रत्यक्ष दाखवा. जास्वंद, तुती, फड्या निवडुंगाची काटे काढलेली पानं, डँडेलियन यांपैकी जे असेल ते. कॅल्शियमची चिमूट कोणत्या वारी टाकायची तेही लिहा.

‘काय द्यायचं नाही’ ही यादी वेगळ्या रंगात लिहा. पोळी, भात, दूध, कुत्र्याचं खाणं, बिस्किट काही नाही. फळंही नाहीत; तुमचं कासव रेड-फूटेडसारखं फळं खाणाऱ्या जातीचं असेल तरच द्यायची. पाहुण्याच्या हातून होणाऱ्या चुकांत लाडाने दिलेलं केळं पहिल्या नंबरावर आहे.

शेवटी तुमचा नंबर, तुम्ही फोन उचलला नाही तर कुणाला विचारायचं त्याचा नंबर, आणि सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरांचा नंबर. सगळेच पशुवैद्य कासव बघत नाहीत. निघण्याआधी फोन करून विचारा आणि खर्चाचं काय करायचं तेही डॉक्टरांना आणि सांभाळणाऱ्याला सांगून ठेवा, म्हणजे पैशांच्या संकोचाने उपचार थांबणार नाहीत.

७. काळजी नको म्हणून दिवे चोवीस तास चालू ठेवले तर?

असं करू नका. कासवाला रात्र लागते. साधारण १२ तास उजेड आणि १२ तास अंधार हे टायमरवर लावा, आणि ते निघायच्या किमान आठवडाभर आधी, म्हणजे काही चुकत असेल तर तुमच्या डोळ्यांसमोर चुकेल. खोली रात्री फार गार होत असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर वापरा, पण थर्मोस्टॅटशिवाय कधीही नाही.

दोन गोष्टी निघण्याआधी तपासा. यूव्हीबी दिवा (उन्हातले अतिनील किरण देणारा) प्रकाश देत राहतो पण त्यातले यूव्हीबी किरण हळूहळू कमी होतात, म्हणून तो बनावटीनुसार ६ ते १२ महिन्यांनी बदलावा लागतो. बदलायची वेळ झालीच असेल तर जाण्याआधी बदला. आणि गरम दिवा नुसत्या चिमट्यावर टांगलेला असेल तर साखळीने किंवा तारेने पक्का करा. चिमटा सुटून दिवा सुक्या गवतावर पडला तर घराला आग लागते.

जादा बल्ब पेटीशेजारी ठेवा आणि तो बदलून दाखवा.

खिडकीतून ऊन येतं म्हणून यूव्हीबी दिवा बंद ठेवला तरी चालेल, हा समज खोटा आहे. साध्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही.

८. मागे वीज गेली तर?

काही तासांनी काही होत नाही. खोली २० अंशांच्या वर असेल तर मोठं कासव दिवसभरही निभावतं. सांभाळणाऱ्याला एवढंच सांगा की कासव गार पडलं असेल तर खाऊ घालायचं नाही. आधी दिवे, मग दोन-तीन तासांनी खाणं. गरम पाण्याची पिशवी अंगाला टेकवायची नाही, कवच आणि कातडी भाजते.

खरी अडचण वीज परत आल्यावर सुरू होते. काटा फिरणारा जुना टायमर वीज गेली की जागीच थांबतो. पाच तास वीज गेली तर पुढे रोज दिवे पाच तास उशिरा लागतात आणि मध्यरात्रीपर्यंत चालू राहतात. सांभाळणारा सकाळी येतो तेव्हा अंधार असतो आणि त्याला वाटतं कासव झोपलंय. बॅटरीवर वेळ लक्षात ठेवणारा टायमर घ्या, किंवा ‘वीज जाऊन आली तर घड्याळाशी काटा जुळवा’ हे कागदावर लिहा.

९. कॅमेरा लावलाय. तेवढं पुरेसं नाही का?

कॅमेऱ्यात दिसतं, पण हात पोचत नाही. उताणं पडलेलं कासव तुम्ही चारशे किलोमीटरवरून बघाल आणि किल्ली कुणाकडे आहे हे आठवत बसाल. कॅमेरा जरूर लावा, शेकायच्या जागेकडे तोंड करून, थर्मामीटर चित्रात येईल असा. पण घराची किल्ली असलेला आणि अर्ध्या तासात पोचणारा माणूस ठरलेला नसेल तर त्या कॅमेऱ्याने फक्त तुमची झोप जाईल.

१०. सांभाळणारा म्हणतो, ‘झोपलेलं असतं.’ काळजी करू का?

हो. हे वाक्य ऐकलं की लगेच पुढचे प्रश्न विचारा.

मी पहिल्यांदा नऊ दिवसांसाठी गेलो तेव्हा एक नातेवाईक रोज येत होते. मनापासून येत होते, एकही दिवस चुकवला नाही. रोज फोनवर हेच सांगायचे: पानं टाकली, झोपलंय. तिसऱ्या दिवशी शेकायच्या दिव्याचा बल्ब गेला होता. यूव्हीबीची नळी चालू होती, पेटीत उजेड होता, त्यामुळे त्यांना काही वेगळं वाटलं नाही. परत आलो तेव्हा पानांचे थर साचले होते. वरचं हिरवं, मधलं पिवळं, तळाचं काळं आणि चिकट. कासव लाकडाच्या ओंडक्याखाली होतं. पाय हाताला गार लागले, डोळे आत गेले होते. पुढचे कित्येक आठवडे कोमट पाणी आणि डॉक्टरांच्या फेऱ्या यांत गेले. ते वाचलं. दोष त्या नातेवाइकांचा नव्हता. त्यांना खाऊ घालायला सांगितलं होतं, बघायला सांगितलंच नव्हतं.

त्यामुळे विचारायचं ते असं: कालची पानं खाल्लेली दिसतात का? थर्मामीटर किती दाखवतोय? कासव कालच्या जागेवरून हललंय का? उचलून कोमट पाण्यात ठेवल्यावर पाय हलवतं का, मान बाहेर काढतं का? रोज एक फोटो मागा, पण कासवाच्या चेहऱ्याचा आणि थर्मामीटरचा, पेटीचा नव्हे.

उत्तरांत दोन दिवस ‘नाही’ आलं तर डॉक्टर. नाकातून बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास, सुजलेले किंवा मिटलेले डोळे, शेपटीखालून बाहेर आलेलं मांस, रक्त यांपैकी काही दिसलं तर दोन दिवसही थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं.

११. जागा बदलली नाही, माणूस नवीन आहे, म्हणून कासव खात नाहीये. हे होतं का?

होतं. काही कासवं नव्या माणसाची चाहूल लागली की कवचात शिरतात आणि तो गेल्यावरच बाहेर येतात. अशा वेळी खाणं ठेवून निघून जायचं आणि संध्याकाळी किती संपलं ते बघायचं. मोठं कासव तीन-चार दिवस कमी खात असेल, पण उबेत असेल, चालत असेल, डोळे उघडे आणि टपोरे असतील, तर थांबून बघता येतं. मात्र खात नाही आणि हलतही नाही असं असेल तर प्रश्न १० प्रमाणे वागा.

१२. उताणं पडलेलं सापडलं तर त्यांनी काय करायचं?

कुशीवरून हळूच सरळ करायचं, डोक्यावरून कोलांटी देऊन नाही. कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून असतात. उताणं पडलं की पोटातल्या सगळ्या अवयवांचं वजन त्यांच्यावर येतं, आणि वर दिवा असेल तर अंगही तापत जातं. सरळ केल्यावर दिव्यापासून लांब ठेवायचं, तासाभराने उथळ कोमट पाण्यात बसवायचं. चालू लागलं, मान वर काढली तर ठीक. मान लोंबत असेल, तोंडाला फेस असेल, श्वास तोंडाने चालला असेल तर लगेच डॉक्टर.

निघण्याआधी पेटीतले उभे दगड, निसटत्या विटा, कोपऱ्यात चढायला मिळणारे ओंडके काढून टाका. सजावट परत आल्यावर करता येईल.

१३. माझ्या मित्राकडेही कासव आहे. त्याच्याकडेच ठेवतो, दोघांना सोबत होईल.

मित्राकडे ठेवा, पण वेगळ्या खोलीत, वेगळ्या पेटीत, वेगळ्या भांड्यांसह. कासवांना सोबत लागत नाही. दोन नर एकमेकांना धडका देऊन उताणं पाडतात, आणि नर मादीच्या मागे लागून तिचं खाणं बंद पाडतो.

त्याहून मोठी भीती आजारांची. मायकोप्लाझ्मा हा जिवाणू किंवा हर्पीस विषाणू अंगात असलेलं कासव बाहेरून ठणठणीत दिसू शकतं. एका जातीला फारसा त्रास न देणारा विषाणू दुसऱ्या जातीचा जीव घेऊ शकतो. मित्राने आधी आपल्या कासवाचं करायचं, मग हात साबणाने धुऊन तुमच्या कासवाचं. पेटी हलवणं शक्य नसेल तर मित्रालाच तुमच्या घरी बोलावणं जास्त चांगलं.

१४. बाहेर कुंपणात राहतं. तिथेच सोडून जाऊ?

हवामान मानवत असेल आणि कुणी रोज बघणार असेल तर हो. उंदीर, कावळे, मोकाट कुत्री यांपासून बंद करता येणारं रात्रीचं घर हवं आणि ते संध्याकाळी बंद करणारा माणूस हवा. कुंपण जमिनीच्या आतही गेलेलं हवं. सल्काटा काही मीटर लांब बीळ खणते, आणि तुम्ही घरी नसताना ती कुंपणाबाहेर निघाली तर शोधणं अवघड जातं. कवचाचा पाठीकडून आणि पोटाकडून स्पष्ट फोटो काढून ठेवा. हरवलं तर ओळख पटवायला तोच उपयोगी पडतो.

घरात कुत्रा असेल आणि तोही त्याच सांभाळणाऱ्याकडे असेल, तर दोघांची गाठ पडू देऊ नका. वर्षानुवर्षं शांत असलेल्या कुत्र्यानेही कासवाला हाडकासारखं चघळल्याची उदाहरणं डॉक्टर नेहमी बघतात.

१५. बरोबरच घेऊन गेलो तर?

आठवडाभरासाठी हॉटेलात नेण्यात अर्थ नाही. दिवे, तापमान, जागा सगळंच बिघडतं. महिनाभर एकाच घरी राहणार असाल आणि पेटी नेता येत असेल तर विचार करा.

गाडीतून नेताना बंद, अंधारा, हवेला भोकं असलेला खोका घ्या, त्यात टॉवेल, आणि खोका कासवापेक्षा थोडाच मोठा, म्हणजे ते आपटणार नाही. गाडीत २० ते २५ अंश पुरे. वाटेत खाऊ घालायची गरज नाही. पोचल्यावर आधी कोमट पाणी, कारण घाबरलेलं कासव साठवलेलं पाणी लघवीतून टाकून देतं. उभ्या गाडीत उन्हात पाच मिनिटंही ठेवू नका.

१६. आणि परदेशी नेता येईल का?

बहुतेकांसाठी व्यवहारी उत्तर ‘नाही’ असंच आहे. जमिनीवरच्या कासवांचं संपूर्ण कुळ साइट्स या वन्य जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहे. सीमा ओलांडायची तर निर्यात परवाना लागतो. परिशिष्ट १ मधल्या, म्हणजे सगळ्यात कडक नियम असलेल्या जातींना आयात परवानाही लागतो. स्टार कासव २०१९ मध्ये आणि रेडिएटेड कासव त्याच्या कितीतरी आधी त्या परिशिष्टात गेलं. पाळीव असलं तरी पिशवीत घालून नेणं म्हणजे तस्करीच धरली जाते आणि कासव जप्त होतं. कोणती जात घरी ठेवता येते याचे प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत. तुमच्याकडे परवाना किंवा नोंदणी असेल तर त्याची प्रत सांभाळणाऱ्याकडेही ठेवा. डॉक्टर ती मागू शकतात.

१७. शीतनिद्रेच्या काळात गेलं तर सोपं ना? तेव्हा ते झोपलेलंच असतं.

अर्धं खरं आहे. आधी जात तपासा. हर्मन, ग्रीक आणि रशियन कासवं शीतनिद्रा घेतात. स्टार, सल्काटा, लेपर्ड, रेड-फूटेड घेत नाहीत. ती थंडीने सुस्तावलेली दिसली तर ती झोप नाही, संकट आहे.

शीतनिद्रा नीट सुरू झाली असेल, कासव ३ ते ७ अंशांत स्थिर असेल, तर आठवडाभर जाता येतं, पण तापमान बघणारं कुणीतरी हवंच. शून्याखाली गेलं तर डोळ्यांना कायमची इजा होते किंवा जीव जातो. १० अंशांच्या वर राहिलं तर कासव अर्धवट जागं होऊन साठवलेली चरबी जाळत बसतं. फ्रीजमध्ये ठेवत असाल तर हवा बदलण्यासाठी दार अधूनमधून उघडावं लागतं. आठवड्याला एकदा वजन करायचं. सुरुवातीच्या वजनापेक्षा १० टक्के कमी झालं तर उठवायचं. खालचा कागद ओला दिसला, म्हणजे लघवी केली असेल, तर वजन काहीही असो, त्याच दिवशी उठवून कोमट पाण्यात बसवायचं.

शीतनिद्रेच्या आधीचे तीन-चार आठवडे आणि उठवल्यानंतरचे दोन आठवडे मात्र घर सोडू नका. आधीच्या काळात पोट रिकामं व्हावं म्हणून खाणं मुद्दाम बंद केलेलं असतं. सांभाळणाऱ्याला दया आली आणि त्याने दोन पानं घातली, तर ती थंडीत पोटातच कुजतात.

१८. मादी सारखी माती उकरतेय आणि खाणं कमी झालंय. उद्या निघायचंय.

अंडी घालायची असतील. नर जवळ नसला तरी मादी अंडी घालते, आणि काही वर्षांपूर्वी नराशी संबंध आला असेल तर ती अंडी फळलेलीही असू शकतात. तिला तिच्या कवचाच्या लांबीपेक्षा खोल, किंचित ओलसर, उबदार माती द्या. जागा मनासारखी मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवते आणि ती अडकतात. शक्य असेल तर निघण्याआधी डॉक्टरांकडून एक्स-रे काढून घ्या. नसेल तर सांभाळणाऱ्याला सांगा: कुंथतेय, मागचे पाय ओढतेय, पूर्ण मलूल झालीय, असं दिसलं तर डॉक्टर. या आठवड्यात तिला उचलायचं कमीत कमी.

१९. माझं कासव पाण्यातलं आहे, रेड-इअर्ड स्लायडर. हेच सगळं लागू?

ऊब, यूव्हीबी, टायमर हे सगळं तसंच. फरक पाण्याचा. मोठा स्लायडर एक-दोन दिवसांआड खातो, म्हणून सांभाळणाऱ्याने रोज यायचं ते खाऊ घालायला नाही, फिल्टर चालू आहे का आणि पाणी किती आहे ते बघायला. पाण्याची पातळी खाली गेली की हीटर उघडा पडून फुटतो. गोळ्या मोजून पुड्यांत भरून ठेवा, कारण जास्त पडलेलं खाणं पाणी नासवतं. सुट्टीसाठी विकतात ते विरघळणारे खाण्याचे ठोकळे टाकू नका. पाणी गढूळ होतं.

२०. भावाची मुलं उत्साहाने सांभाळतो म्हणतायत. सोपवू?

मदतीला हो, जबाबदारीला नाही. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्याही विष्ठेत साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांनी, गरोदर बाईने आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कासव आणि त्याची भांडी हाताळू नयेत. बाकीच्यांनी प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायचे, आणि कासवाचं पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतायचं नाही.

२१. औषध चालू आहे. जाऊ का?

गोळी-थेंब असेल आणि डॉक्टरच ठेवून घेत असतील तर जा. इंजेक्शन असेल तर घरी नवख्या माणसावर सोपवू नका. उपचार संपेपर्यंत तारीख बदलता आली तर बदला.

२२. सांभाळणाऱ्याचा फोन आला, कासव मेलंय म्हणतो. आता?

पुरू नका, पुरू देऊ नका. गार पडलेलं कासव हुबेहूब मेल्यासारखं दिसतं, श्वासही कित्येक मिनिटांनी एखादा घेतं. खोलीच्या उबेत खोक्यात ठेवून डॉक्टरांकडे न्यायला सांगा. ते डॉपलर नावाच्या यंत्राने हृदयाचे ठोके शोधतात. खरंच गेलं असेल तरी कारण शोधायचं असल्यास शरीर फ्रीजमध्ये ठेवावं, बर्फाच्या कप्प्यात नाही. आणि त्या माणसाशी मऊ आवाजात बोला; तोही हादरलेला असतो.

२३. वर्षभरासाठी कामानिमित्त जायचंय. तेव्हा?

ही सुट्टी नव्हे, हे घर बदलणं आहे. रोज येणाऱ्या माणसावर वर्ष निघत नाही. कासव सगळ्या सामानासकट अनुभवी माणसाच्या घरी राहायला हवं, लेखी ठरवून: खर्च कुणाचा, उपचाराचा निर्णय कुणाचा, परतीची तारीख कोणती. निघण्याआधी एक महिना ते तिथे राहू द्या, म्हणजे अडचणी तुम्ही जवळ असताना दिसतील.

याच ओघात तुमच्यानंतर ते कुणाकडे जाईल हेही लिहून ठेवा. सेंट हेलेना बेटावरचं जोनाथन हे महाकाय कासव १८८२ मध्ये तिथे आणलं गेलं तेव्हाच पूर्ण वाढलेलं होतं; त्याचा जन्म अंदाजे १८३२ चा धरतात. म्हातारपणी त्याची दृष्टी आणि वास घ्यायची शक्ती गेली, तेव्हा माणसांनी त्याला हाताने भरवायला सुरुवात केली. त्याला सांभाळणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्या झाल्या.

२४. परत आल्यावर पहिलं काय करू?

बॅगा तशाच ठेवा आणि कासव हातात घ्या. डोळे, नाक, तोंडाच्या कडा, शेपटीखालचा भाग बघा, मग वजन करा. निघायच्या दिवशीचं वजन लिहून ठेवलं असेल तरच या आकड्याला अर्थ आहे. रिकाम्या पोटामुळे आणि लघवीमुळेही वजन थोडं हलतं, म्हणून एका आकड्याने घाबरू नका. आठवडाभर एक दिवसाआड करा. कोमट पाण्यात हनुवटीखालपर्यंत बुडेल असं वीस मिनिटं बसवा. पाण्यात पडणारा पांढरा पदार्थ दह्यासारखा मऊ असेल तर पाणी पुरलं आहे. खडूच्या भुकटीसारखा खरखरीत असेल तर पुढचे चार दिवस रोज बसवा.

मग सांभाळणाऱ्याला फोन करा आणि काय काय दिसलं ते सगळं विचारून घ्या. तो जे सांगेल ते आठवणीत ताजं असतानाच पेटीवरच्या कागदावर लिहा, पुढच्या वेळेसाठी.